'क्लिमा' म्हणजे हवामान नाही, वावर!

प्रश्न असा आलाय की एका भाषांतरित लेखात "बर्गंडीच्या हवामानांना २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले" असं वाक्य आहे, तर हवामान वारसा कसं होईल आणि मूळ शब्द काय असेल?

मूळ फ्रेंच शब्द 'क्लिमा'. डिक्शनरीत पहिला अर्थ हवामान दिलेला असतो, भाषांतरकाराने तिथंच डिक्शनरी मिटली असणार. पण बर्गंडीत, म्हणजे फ्रान्समधल्या वाइनसाठी नावाजलेल्या प्रदेशात, क्लिमा म्हणजे द्राक्षमळ्याचा एक ठरावीक तुकडा, ज्याच्या हद्दी पिढ्यानपिढ्या पक्क्या आहेत आणि ज्याला स्वतःचं नाव आहे. असे १२४७ तुकडे त्या यादीत आहेत, दिजों शहरापासून दक्षिणेला साधारण ५० किमी पसरलेल्या उतारावर. आणि ग्रीकमधे या शब्दाचा मुळातला अर्थ उतारच, त्यावरून मग प्रदेश आणि त्यावरून तिथली हवा, म्हणजे बर्गंडीवाले आपल्यापेक्षा मूळ अर्थाला जास्त धरून आहेत म्हणायचं.

आता मराठी शब्द. माझ्या आजोळी प्रत्येक वावराला, म्हणजे शेताला, नाव होतं, चिंचेचं वावर, खालची पट्टी, बोडकी. सातबाऱ्यावर गट नंबर, पण मामा "आज बोडकीत पाळी घालायचीय" म्हणाला की गड्याला बरोबर कळायचं कुठं जायचं ते. क्लिमा म्हणजे अगदी हेच! गंमत बघा, व्हाइट वाइनमधला सगळ्यात नावाजलेला तुकडा म्हणजे मोंराशे (Montrachet, यातले दोन्ही 'ट' गिळायचे), आणि त्या नावाचा अर्थच बोडका डोंगर. चुनखडीची, पातळ मातीची जमीन, जेमतेम ८ हेक्टर, म्हणजे आपले २० एकर. आमच्या बोडकीत मटकी आली तरी नशीब, त्यांच्या बोडकीत शार्दोने ही पांढऱ्या द्राक्षाची जात पिकते आणि चांगल्या वर्षाच्या एका बाटलीत आमच्याकडे बैलजोडी दारात येईल.

मोंराशेच्या वरच्या अंगाला शेव्हालिए-मोंराशे, म्हणजे सरदाराचं वावर म्हणा, तिथं चढ जास्त आणि माती खडकाळ, म्हणून वाइन सडसडीत, धारदार. खाली रस्ता ओलांडला की बातार-मोंराशे, म्हणजे चक्क अनौरस पोराचं(!), तिथली माती जड, चिकण, आणि वाइन अंगाने भरलेली. द्राक्ष तिन्हीकडे एकच. आणि हे नाव इतकं वजनदार की १८७९ मधे पुलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी ते आपल्या नावापुढे जोडून घेतलं. आपल्याकडे गावाचं नाव माणसाला लागतं, तिथं वावराचं गावाला लागलं.

कुणी 'प्लॉट' सुचवलंय, द्राक्षवाले तसं म्हणतातही, "माझा दोन एकरचा प्लॉट". पण प्लॉट मालकागणिक असतो. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या पोरांना सारखा वाटा मिळायला लागल्यावर तिकडेही वाटण्यांवर वाटण्या झाल्या, एकट्या मोंराशेत डझनाहून जास्त मालक आहेत, तरी क्लिमा एकच राहिला. जसं वाटण्या झाल्यावरही आपण "चिंचेच्या वावरात धाकट्याचा हिस्सा आहे" असंच म्हणतो, चिंच कधीच तोडलेली असली तरी. 'मातीचा गुण' हीसुद्धा सूचना छान आहे पण तो अर्थ 'तेरवार' या दुसऱ्या फ्रेंच शब्दाचा, तो गुण झाला आणि क्लिमा ही जागा.

म्हणून मी ते वाक्य असं केलं असतं: "बर्गंडीतल्या 'क्लिमां'ना, म्हणजे नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षांच्या वावरांना, जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले." कोल्हापूरकडच्या मंडळींनी वावराच्या जागी रान वाचावं, आपली काही हरकत नाही.