चहादाण्यांच्या घरी परत जाशील तेव्हा

पुणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सहकारनगरला माझ्या मित्राकडे जाऊन त्याचा चहादाण्यांचा संग्रह पाहून आलीस आणि रात्री मला एकशे बारा फोटो पाठवलेस. सगळे पाहिले. काचेच्या कपाटातल्या वस्तूंचे फोटो काढणं अवघड असतं, तुझे छान आले आहेत. शेवटी तू एकच प्रश्न विचारला होतास, "सर, यातल्या सगळ्यांत मौल्यवान कुठल्या?" हे फोनवर सांगता आलं असतं. पण जूनपासून तू मातीकाम शिकायला जाणार आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

तू परत जा. तासाभरात साडेतीनशे चहादाण्या पाहून होत नाहीत. माझ्या अनुभवाने तासाभरात एखादी नीट पाहून होते. या वेळी मोबाईल पिशवीतच राहू दे. माझ्या मित्राला म्हण, "काका, यातली एक हातात द्याल का? आणि तांब्याभर पाणी?" तो अगदी आनंदाने देईल. गेल्या चाळीस वर्षांत त्याच्याकडे पाणी मागणारे पाहुणे मी फार थोडे पाहिले.

पाणी भरताना तोटीकडे लक्ष ठेव. तोटीचं टोक काठापेक्षा खाली असेल, तर चहादाणी पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून पाणी सांडायला लागतं. मग ओत. धार एकसंध पडते का? थांबलीस की शेवटचा थेंब तोटीखालून पोटावर ओघळतो का? तोटीच्या ओठाची कड तीक्ष्ण असेल तर थेंब तुटतो, गोल गुळगुळीत असेल तर चिकटून खाली उतरतो. झाकणात एक बारीक भोक असतं. ओतता ओतता त्यावर बोट ठेवून बघ, झाकण घट्ट बसणारं असेल तर धार थांबेल. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, हे पुस्तकात तू वाचलं आहेस. ते बोटाखाली कळू दे. आणि कान धरल्यावर मनगटावर ताण येतो का, तेही बघ. भरलेली चहादाणी रिकामीच्या दुप्पट जड असू शकते, आणि कान रिकामीसाठी केलेला असतो की भरलेलीसाठी, ते ती भरल्याशिवाय समजत नाही.

एक शब्दाचा घोळही सोडवून टाकतो. आपण सरसकट सगळ्यालाच किटली म्हणतो. पण किटलीत पाणी उकळतात किंवा तयार चहा भरून नेतात. चहादाणीत पत्ती मुरवतात, तिला विस्तवावर ठेवायचंच नसतं. त्याच्याकडची जपानी बिडाची दोन भांडी तू एकाच फोटोत घेतली आहेस. त्यातलं मोठं आतून कोरं आहे, ते पाणी उकळायचं. छोट्याच्या आत एनॅमलचा थर आहे, ते आचेवर ठेवलं तर तो थर तडकेल. बाहेरून बहिणी वाटतात, कामं वेगळी.

चहादाणी ही वस्तू जन्माला का आली, हे मला फार मोलाचं वाटतं. चीनमध्ये पूर्वी चहाच्या वड्या करत, त्यांची पूड वाडग्यात घुसळून पीत. 1391 मध्ये मिंग घराण्याचा पहिला बादशहा होंगवू याने नजराण्यात वड्यांचा चहा घेणं बंद केलं आणि सुट्या पत्तीचा सुरू केला. सुटी पत्ती मुरवायला झाकण आणि तोटी असलेलं भांडं लागतं. यीशिंग गावच्या जांभळट मातीच्या चहादाण्या पुढे त्यातूनच नावारूपाला आल्या. आपल्या अमृततुल्यात दूध, पाणी, साखर, आलं, वेलदोडा सगळं एकत्र उकळून फडक्यातून गाळतात, म्हणून तिथे चहादाणीला जागाच नाही. भांडं पेयाच्या कृतीतून घडतं. चाकावर बसशील तेव्हा हे आधी आठव.

खालच्या कप्प्यातली तपकिरी, झिलई नसलेली छोटी चहादाणी यीशिंगची आहे. तिला साबण लावायचा नाही. माती सच्छिद्र असते, चहा शोषून घेते, म्हणून जाणकार एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात. सतराव्या शतकात यीशिंगच्याच तांबड्या चहादाण्या जहाजांतून युरोपात गेल्या. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला 1690 च्या दशकात एलर्स बंधूंनी तिथल्या तांबड्या मातीत त्यांच्या धर्तीवर भांडी केली. त्याच भागातून पुढे तपकिरी चकाकीची गोलमटोल 'ब्राऊन बेटी' आली. फोटोत ती कोपऱ्यात अर्धी कापली गेली आहे. गोल पोटात पत्ती मोकळी फिरते, गडद झिलईवर चहाचे डाग दिसत नाहीत. इतकी शहाणी वस्तू फोटोत अर्धी यावी, याचं मला वाईट वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या लेखी त्या घरातली सगळ्यांत मौल्यवान चहादाणी तुझ्या एकाही फोटोत नाही. ती जेवणघरात, फ्रिजशेजारच्या फळीवर असते. पांढरी, निळ्या फुलांची, पोटावर तिरकी भेग, आणि भेगेवर धातूचे पाच टाके. पूर्वी फुटलेली चिनी माती अशी शिवत. भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडायची, तीही आरपार नाही, जाडीच्या निम्म्यापर्यंतच, आणि त्यांत तारेचा टाका ताणून बसवायचा. ती त्याला जुन्या बाजारात तीस रुपयांना मिळाली. विकणारा ओशाळून म्हणाला होता, "फुटकी आहे साहेब, बघून घ्या." तिच्यात अजूनही पाणी थेंबभर गळत नाही. कुणीतरी ती टाकून न देता कारागिराकडे नेली, आणि त्याने अंड्याच्या टरफलाइतक्या ठिसूळ वस्तूत भोकं पाडली. त्या पाच टाक्यांवरून बोट फिरव. मी दर वेळी फिरवतो.

जमलं तर त्याच आठवड्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जाऊन ये. केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, वारलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. तिथे एकाच अडकित्त्यासमोर उभी राहा.

शेवटी एक काम सांगतो, आणि पत्राचं खरं कारण तेच आहे. मित्राकडे एक लांब वही आहे. प्रत्येक चहादाणीला क्रमांक, कुठे मिळाली, केव्हा, कितीला, विकणारा काय म्हणाला, असं सगळं त्यात आहे. 214 नंतरची पानं कोरी आहेत. गेल्या दिवाळीपासून त्याचा हात थरथरतो, अक्षर वाचता येत नाही म्हणून त्याने लिहिणं सोडलं. उरलेल्या सगळ्यांच्या गोष्टी आता फक्त त्याच्या डोक्यात आहेत. तो स्वतःहून कुणाला सांगणार नाही, मी म्हटलं तर "बघू" म्हणतो. तुझं अक्षर चांगलं आहे. रविवारी चारला जा, त्याच्याशेजारी बस आणि 215 पासून सुरुवात कर. तो सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत लिही, सुधारू नकोस. एका बैठकीत तीन झाल्या तरी पुष्कळ. त्या टाकेवालीची नोंदही अजून झालेली नाही.

वहिनी साखर जास्त घालतात, कमी हवी असेल तर आधीच सांग. आणि जुनी वही जपून उघड, तिची शिवण सुटली आहे.

तुझे,
सर