बापलेकांत बोलायला राजकारणच उरले होते

"घरात राजकारणावरून इतके वाद होतात की एकत्र जेवायला बसणे नको वाटते, काय करावे?" हा प्रश्न 2024 साली, मे महिन्यातल्या लोकसभेच्या आणि नोव्हेंबरमधल्या विधानसभेच्या मतदानाच्या आगेमागे, मला जितक्या वेळा ऐकावा लागला तितका त्यापूर्वी कधीच ऐकावा लागला नव्हता. त्यातलीच एक हकिगत येथे सांगते, कारण तिच्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

विधानसभेचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात कोथरूडमधले 46 वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह आले. हिंजवडीतल्या एका कंपनीत 17 वर्षे काढल्यावर त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये राजीनामा दिला होता आणि शाळेत गणित शिकवायचे म्हणून दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेश घेतला होता. निर्णय उतावळेपणाचा मुळीच नव्हता. गृहकर्ज फिटलेले होते, पत्नीची नोकरी चालू होती, मुलीच्या शिक्षणाची रक्कम बाजूला काढलेली होती आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब दोघांनी दीड वर्ष एका वहीत मांडलेला होता. या बाबतीत मी सांगावे असे काही उरलेच नव्हते. तक्रार होती ती बाबांविषयी. भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले 74 वर्षांचे बाबा रोज रात्री ताटावर बसताच एखादी बातमी काढत, मुलगा उत्तर देई, आणि भाजी वाढून होईपर्यंत आवाज चढलेले असत.

मी पुस्तकी उपाय सांगितला, की तीन आठवडे जेवताना राजकारण पूर्ण बंद ठेवावे.

तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा भांडणे खरोखरच थांबली होती, पण बाबा साडेसातलाच ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागले होते. "भांडत होते तेव्हा बोलत तरी होते," मुलगा म्हणाला, "आता मीठसुद्धा मागत नाहीत." तेव्हा मी पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते ते विचारले: नोकरी होती तेव्हा तुम्ही दोघे कशाविषयी बोलत होता? बराच वेळ विचार करून त्यांनी सांगितले की पगारवाढ, कंपनीतली माणसे, हिंजवडीच्या रस्त्यावरची वाहतूक कोंडी आणि राजकारण. पहिले तीन विषय राजीनाम्याबरोबर गेले होते, आणि उरलेला चौथा मी बंद केला होता.

पुढच्या वेळी बाबा एकटे आले. "सल्ला घ्यायला आलेलो नाही, घरात नियम लावणारे कोण आहे ते बघायला आलोय," असे त्यांनी बसण्यापूर्वीच स्पष्ट केले. पंचविशीत आणीबाणी पाहिलेला आणि 1977 चे निकाल रात्रभर रेडिओपाशी बसून ऐकलेला हा माणूस, जून 2022 आणि जुलै 2023 अशा तेरा महिन्यांत राज्यातले दोन मोठे पक्ष कसे फुटले यावर वीस मिनिटे बोलला, आणि या वेळी मी मध्ये पडले नाही. मग ते म्हणाले, "आणि आमचे चिरंजीव! सतरा वर्षांची जागा सोडून यांनीही पक्षांतर केलं. मतदाराला विचारलं का कुणी?"

मला हसू आले, त्यांनाही आले. मतदार म्हणजे कोण, असे विचारल्यावर त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवले. ते मुलाच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे होते. 2019 साली त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले तेव्हाचे बिल याच विम्यातून भागले होते. निवृत्तीवेतन औषधांतच संपणारे, आणि मुलाची नोकरी गेल्यावर हे कार्ड चालते की नाही हे ठाऊक नाही, अशा अवस्थेत त्यांनी नऊ महिने काढले होते. विचारले का नाही? "मुलाकडे हिशेब मागितल्यासारखं झालं असतं."

गंमत अशी की मुलाने नोकरी सोडण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे आईवडिलांची स्वतंत्र पॉलिसी करून घेतली होती. बाबांना उगाच काळजी नको म्हणून तो कागद फाइलमध्ये राहिला. (नोकरी बदलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की सामूहिक विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. त्यामुळे तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची चौकशी शेवटच्या दिवसाआधी करावी, कारण अगदी नव्याने काढलेल्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.)

पुढच्या भेटीत ती वही बाबांसमोर पहिल्या पानापासून वाचली गेली. त्यांनी सोसायटीच्या वाढलेल्या देखभाल खर्चाची चूक दाखवली आणि वही स्वतःकडे घेतली. माझी बंदी मी त्याच दिवशी मागे घेतली.

प्रत्येक राजकीय वादाखाली असे काही दडलेलेच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. काही घरांत मते खरोखरच वेगळी असतात आणि ती तशीच राहतात, त्यात बिघडत काही नाही. सुनेच्या माहेरावरून किंवा कुणाच्या जातीधर्मावरून टोमणे सुरू झाले तर मात्र तेथे मर्यादा घालावीच लागते. पण वाद एखाद्या ठरावीक महिन्यापासून वाढला असेल, तर त्या महिन्यात घरात आणखी काय बदलले आणि ते कुणाला सर्वांत शेवटी कळले, हे मी आता आधी विचारते.

या घरातले वाद चालूच आहेत, असे पत्नीने नंतर फोनवर सांगितले. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यानंतर रस्त्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच उरला नाही, या एकाच मुद्द्यावर तेव्हा बापलेकांचे एकमत होते. सरावपाठाच्या आदल्या रात्री मुलगा बाबांना समोर बसवून अपूर्णांक शिकवत होता, आणि बाबा तिसऱ्या बाकावरच्या मुलासारखे मुद्दाम चुकीचे उत्तर देत होते.