ऑरगॅनिकमध्ये सी आलीय, कोर्स परत घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी इथल्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीत प्री-मेड (मेडिकलला जाण्याआधीची पदवीची तयारी) करतेय, दुसरं वर्ष आत्ता संपलं. ६० क्रेडिट झाले आणि जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१ वर अडकलाय. जनरल केमिस्ट्रीत सी प्लस, बायोलॉजीत बी मायनस आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री वनमध्ये सी. तिच्या कॉलेजमध्ये कोर्स परत घेतला की जुनी ग्रेड जीपीएतून जाते आणि नवीन लागते, त्यामुळे हिचे बाबा म्हणतात पुढच्या वर्षी तिन्ही कोर्स परत कर, सगळ्यात ए आण, म्हणजे कोरी पाटी. ती म्हणते मी परत तेच करणार नाही. पुण्याहून नणंदबाई रोज फोन करून सांगतात की एनआरआय कोट्यातून इकडेच पाठवून द्या. घरात नुसता गोंधळ चाललाय. काय करावं?
— एक आई

उत्तर: अहो, आधी ते कोऱ्या पाटीचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कॉलेजचा जीपीए हा कॉलेजचा, मेडिकलवाले तो बघून निर्णय घेत नाहीत. एमडीसाठी (इथे ती डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज जातो ॲमकॅस नावाच्या मेडिकल अर्जांच्या सामाईक यंत्रणेतून आणि ॲमकॅस स्वतःचा जीपीए स्वतः काढतं, त्यात कोर्स दोनदा घेतला असेल तर दोन्ही ग्रेड धरतं. कॉलेजने माफ केलेली असो, बदललेली असो, फॉर्ममध्ये प्रत्येक कोर्स लिहावाच लागतो आणि ते ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघतात, म्हणजे लपवायला वाव नाही. (हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचे क्रेडिट घेतले असतील ना, तेसुद्धा त्यात येतात, हे कित्येक मुलांना अर्ज भरताना कळतं आणि मग तोंडचं पाणी पळतं.)

आता आकडेच मांडून बघू, बाबांना दाखवा. तिन्ही कोर्स चार-चार क्रेडिटचे धरले आणि परत घेऊन तिन्हीत ए आली तर कॉलेजच्या हिशोबाने जीपीए होतो साधारण ३.४३. वा! पण ॲमकॅसच्या हिशोबाने होतो ३.२५, कारण जुने १२ क्रेडिट तिथेच बसलेत आणि नवीन १२ त्यात मिळवले गेलेत. आणि गंमत बघा, हेच १२ क्रेडिट तिने दुसऱ्या पुढच्या कोर्सेसना दिले, समजा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, आणि त्यात ए आणली तरी होतो ३.२५च. मग एका वाटेने गेलं तर तीच फी भरून तेच धडे परत, दुसऱ्या वाटेने गेलं तर मेजर पुढे सरकतं, डिग्री वेळेत होते, आणि अर्ज वाचणाऱ्याला दिसतं की ऑरगॅनिकमध्ये धडपडलेली मुलगी बायोकेमिस्ट्रीत ए काढतेय. मला विचाराल तर मुलीचं बरोबर आहे.

सी म्हणजे पास आहे. बहुतेक मेडिकल स्कूल आवश्यक विषयांत सी किंवा त्याच्या वरची ग्रेड मागतात. सी मायनस, डी, एफ असती तर मी म्हटलं असतं परत घ्यायलाच हवा, त्यात चर्चाच नाही. किंवा ऑरगॅनिकचा पायाच इतका कच्चा असेल की पुढच्या भागात काहीच कळणार नाही, तरी घ्यावा, पण मग तो समजण्यासाठी, आकड्यासाठी नाही. पैशाचंही बघा, पास झालेला कोर्स परत घ्यायला फेडरल एड (सरकारी आर्थिक मदत) एकदाच मिळते.

पण खरा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाहीये, तो म्हणजे सी आली का? एका सेमिस्टरला केमिस्ट्री, कॅल्क्युलस, दोन लॅब आणि वर वीकेंडला जॉब असं होतं का? ती एकटीच वाचत बसते का, प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना कधी गेलीय का, की आपल्याकडच्यासारखं परीक्षेच्या आधी रात्र रात्र जागून उरकते? ऑरगॅनिक तसं उरकता येत नाही, ते रोज कागदावर मेकॅनिझम काढून काढूनच हाताला बसतं. हे न बदलता तोच कोर्स परत घेतला आणि बी मायनस आली तर मग काय सांगणार, एकदा नाही दोनदा जमलं नाही असंच दिसेल. पुढचं सेमिस्टर हलकं घेऊ दे, सायन्सचे दोनच कोर्स, पण दोन्ही चोख.

आकड्याचं वास्तवही सांगते. उरलेल्या ६० क्रेडिटमध्ये तिने ३.९ राखला तर एकूण होतो ३.५. एमडीला जागा मिळालेल्यांची सरासरी हल्ली ३.८च्या आसपास असते, एमकॅटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) ५११-५१२. म्हणजे दार बंद नाही पण थेट चौथ्या वर्षी अर्ज टाकायचा हट्ट नको. ॲमकॅस जीपीए वर्षागणिक वेगळा दाखवतं, बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथचा आणखी वेगळा, त्यामुळे चढती कमान दिसते. डिग्रीनंतर एखादं वर्ष पोस्ट-बॅक (म्हणजे पदवीच्या पातळीचेच आणखी कोर्स) केलं तर ते अंडरग्रॅडमध्येच धरलं जातं, स्पेशल मास्टर्सचा (मेडिकलच्या तयारीसाठीच्या मास्टर्सचा) जीपीए मात्र वेगळा राहतो, जुना त्याने वर येत नाही. हे आईवडिलांनी आधी समजून घ्यावं कारण त्या मास्टर्सची फी छातीत धडकी भरवते.

नणंदबाईंना सांगा, एनआरआय कोट्यालाही ‘नीट’ची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फोन कमी होतील.

प्रश्न: ताई, मी ह्यूस्टनचा. अकरा वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगला दीड वर्ष काढलं आणि नापास होऊन बाहेर पडलो, नंतर ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा) झालो, आता परत कॉलेज सुरू करून डॉक्टर व्हायचंय. ते सगळे एफ परत घेऊन धुवायचे का?

उत्तर: थांब, काही परत घेऊ नकोस अजून. टेक्सासमध्ये ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट नावाचा कायदाच आहे, राज्याचा रहिवासी असशील तर दहा वर्षांहून जुने कोर्स तिथल्या सरकारी कॉलेजच्या प्रवेशात धरू नका असं सांगता येतं आणि टेक्सासच्या मेडिकल अर्जाची जी वेगळी यंत्रणा आहे, टीएमडीएसएएस, तीही हे मानते. अट एवढीच की जुनं सगळं जातं, चांगलं तेवढं ठेवून वाईट तेवढं टाकता येत नाही, तुझं तसं ठेवण्यासारखं फार नसेल म्हणा. हे कॉलेजला परत प्रवेश घेतानाच सांगायचं, नंतर नाही. आणि टेक्सासबाहेर ॲमकॅसमधून अर्ज केलास की ते जुने एफ पुन्हा हजर, तिथे हा कायदा चालत नाही.

प्रश्न: डीओला (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या डॉक्टरकीला) अर्ज केला तर परत घेतलेल्या कोर्सची जुनी ग्रेड बदलून मिळते म्हणे, माझ्या मोठ्या चुलतभावाची मिळाली होती.

उत्तर: त्याची मिळाली असेल, तेव्हा नियम तसा होता. २०१७च्या मे महिन्यापासून डीओच्या अर्जातही सगळे प्रयत्न धरतात. डीओ करायला माझा अजिबात विरोध नाही, पूर्ण डॉक्टरच असतात आणि २०२० पासून एमडी-डीओ दोघांच्या रेसिडेन्सीची (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यताही एकच झालीय. फक्त ग्रेड बदलून मिळेल म्हणून तिकडे जाणार असशील तर ते आता नाही.