आवक वाढली की भाव पडतो, मग माझ्या आकड्यांत ते का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लासलगावच्या कांद्याची पाच वर्षांची रोजची आवक आणि सर्वसाधारण दर एक्सेलमध्ये घेतले, आवकेवरून दर काढणारं रिग्रेशन (म्हणजे ठिपक्यांतून सर्वांत जवळची रेषा ओढणारी पद्धत) चालवलं आणि रेषा जवळजवळ आडवी आली. काही महिन्यांत तर ती उलटी निघाली, म्हणजे आवक जास्त त्या दिवशी भावही जास्त. यात चूक कुठे आहे आणि अर्थमिती, म्हणजे आकड्यांवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र, शिकायला सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून कांद्यावरूनच सांगतो.

तुमचं एक्सेल चुकलेलं नाही. रिग्रेशनने त्याचं काम बरोबर केलंय. ते काम एवढंच असतं: जास्त आवकेचे दिवस एका बाजूला, कमी आवकेचे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडच्या सरासरी दरात किती फरक आहे ते सांगायचं. तो फरक आवकेमुळेच पडला का, हे त्याला कळत नाही. ते कळायचं तर आधी विचारावं लागतं की काही दिवशी आवक जास्त आणि काही दिवशी कमी, हे मुळात कशामुळे झालं? माझ्या मते अर्थमितीची सुरुवात या प्रश्नापासून होते. सूत्रं त्यानंतर.

आता निफाड-चांदवडकडचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ कांदा मार्च ते मे काढणीला येतो. ज्याला सोसायटीचं कर्ज भरायचंय तो शेतातूनच ट्रॉली भरून बाजार समितीत आणतो. ज्याला थोडं थांबता येतं तो कांदाचाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये भरतो आणि भावाकडे डोळे लावून बसतो. ऑगस्टमध्ये भाव चढल्याचं कळलं की तो चाळ उघडतो. म्हणजे इथे आवकेने भाव हलला नाही, भावाने आवक ओढून आणली. बाहेरच्या राज्यांतून मागणी वाढली, भाव चढला आणि मागोमाग ट्रॉल्यांची रांग लागली, असे दिवस तुमच्या आलेखात वर उजव्या कोपऱ्यात बसतात. भरपूर माल एकदम आल्यामुळे भाव पडला, असे दिवस खाली उजवीकडे. दोन्ही प्रकारचे ठिपके एकत्र घेऊन मधून रेषा ओढली तर ती आडवीच येणार. प्रत्येक ठिपका हा त्या दिवसाच्या मागणीचा आणि पुरवठ्याचा छेदबिंदू आहे, त्यामुळे सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेषा ना मागणीची असते ना पुरवठ्याची.

या अडचणीवरचा मार्ग जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ साली वनस्पतिज आणि प्राणिज तेलांवरच्या आयातकराचा अभ्यास केला, त्यात जवसाचं तेल आणि लोणीही होतं. त्याच्या एका परिशिष्टात त्यांनी युक्ती मांडली: पुरवठा हलवणारी पण मागणीला हात न लावणारी एखादी बाहेरची गोष्ट शोधा. तिच्यामुळे पुरवठा जेवढा हलला तेवढाच भाग वापरा. मग पुरवठ्याची रेषा सरकत जाते, मागणीची जागेवर राहते, आणि छेदबिंदू मागणीच्या रेषेवरून चालत जातात. अशा बाहेरच्या गोष्टीला साधन चल म्हणतात.

तुमच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभेल असं उदाहरण न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजाराचं आहे. कॅथरीन ग्रॅडी यांनी तिथल्या व्हाइटिंग माशाच्या डिसेंबर १९९१ ते मे १९९२ या काळातल्या १११ दिवसांच्या किमती आणि विक्री गोळा केली. समुद्रात वादळ असलं की मासळी कमी येते. गिऱ्हाइकाला मात्र समुद्रात लाटा किती उंच होत्या याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून वादळ हे साधन. साध्या रिग्रेशनने मागणीची जी लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) दिसत होती, ती वादळाच्या आधारे काढल्यावर सुमारे दुप्पट निघाली. आकडे तेच, बाजार तोच, फक्त विक्री कशामुळे बदलली हे वेगळं काढलं.

मग कांद्याला वादळ कुठून आणायचं? पहिला विचार पावसाचा येतो. निफाड, येवला, चांदवडमध्ये सकाळी पाऊस झाला की उघड्या ट्रॉल्या निघत नाहीत, आवक घटते, आणि कोलकात्यात कांदा खाणाऱ्याला त्या पावसाचं काही नसतं. इथपर्यंत छान. पण भिजलेला कांदा व्यापारी कमी भावाने घेतो. म्हणजे पाऊस आवकेच्या वाटेने भावापर्यंत जातोच, शिवाय प्रतीच्या दुसऱ्या वाटेनेही जातो. वादळाने मासा खराब होत नाही, पावसाने कांदा होतो. ही दुसरी वाट बंद करता आली नाही तर पाऊस हे चांगलं साधन नाही.

दुसरा पर्याय तुमच्या फाइलमध्येच दडलेला आहे. नाशिककडच्या बाजार समित्यांत अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची प्रथा अनेक वर्षं होती. बंदनंतरच्या दिवशी थांबलेला माल एकदम येतो, आणि अमावस्या कधी येणार हे काही भाव ठरवत नाही. माझ्या मते हे पावसापेक्षा बरं साधन आहे. मात्र व्यापाऱ्यालाही बंद आधीच माहीत असतो आणि त्याचीही एक दिवसाची खरेदी तुंबलेली असते, ही शंका लिहून ठेवा आणि तपासा. साधन चलाची पारख अशीच होते. संगणक ती करून देत नाही, बाजार माहीत असलेला माणूस करतो, आणि तुम्ही तर त्याच भागातले आहात.

याच अमावस्येवरून एक खबरदारी. लिलाव बंद असलेल्या दिवसाची आवक शून्य नसते, ती नोंदच नसते. शून्य भरलंत तर रिग्रेशन त्याला कमी आवकेचा दिवस समजेल. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. ते दिवस वेगळे ओळखून ठेवा. तसंच लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एका रकान्यात मिसळू नका. नोव्हेंबरात चाळीतला जुना उन्हाळ आणि शेतातला ताजा लाल एकाच बाजारात असतात, पण दोन्ही माल वेगळे आणि दरही वेगळे. एककही बघा. मी सुरुवातीच्या काळात दोन ठिकाणचे आकडे जोडले होते, एकीकडे क्विंटल होतं आणि दुसरीकडे टन. दोन आठवडे मी त्या दहापट उडीचं आर्थिक कारण शोधत होतो. तेव्हापासून कोणतीही फाइल आली की आधी आलेख काढतो आणि पहिल्या वीस ओळी डोळ्यांनी वाचतो.

आता तंत्राकडे. दर आणि आवक दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या. मग सहगुणक, म्हणजे रेषेच्या उताराचा आकडा, टक्क्यांत वाचता येतो: समजा तो उणे ०.४ आला, तर आवक १० टक्के जास्त असताना दर साधारण ४ टक्के कमी असतो. प्रत्येक महिन्याचा एक वेगळा शून्य-एक चल घाला (त्या महिन्यात १, एरवी ०), म्हणजे मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी होईल. वर्षांसाठीही तसेच चल घाला, कारण पाच वर्षांत महागाईनेच रुपयाचा अर्थ बदललेला असतो.

काळासोबत चालणाऱ्या आकड्यांत एक मोठा फसवा खड्डा आहे. संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांनी १९२६मध्ये तो दाखवला. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण घटत गेलं आणि मृत्युदरही घटत गेला. दोन्हींचा सहसंबंध ०.९५! लग्नाच्या पद्धतीने माणसं मरत नाहीत. दोन गोष्टी एकाच दिशेने उतरत होत्या, एवढंच. म्हणून मूळ पातळीऐवजी कालच्यापेक्षा आज किती बदललं, हे घेऊनही एकदा करून पाहा. निकाल तिथे विरघळला तर तो बहुधा अशाच सहप्रवासाचा होता.

आणखी एक. तुमच्याकडे हजारावर ओळी आहेत म्हणून प्रमाण त्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो याचं माप) बारीक दिसते आणि निकाल पक्का वाटतो. पण आजचा भाव कालच्या भावाला चिकटलेला असतो, त्यामुळे हजार ओळींत हजार स्वतंत्र साक्षी नसतात. अर्थतज्ज्ञ न्यूई आणि वेस्ट यांनी १९८७मध्ये यासाठी दुरुस्ती दिली आणि ती अर्थमितीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. ती लावल्यावर बरेच ठाम निकाल नरम पडतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की ८ डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीचा भावावर किती परिणाम झाला, हे कसं मोजायचं. आधीचा भाव वजा नंतरचा भाव, असं करू नका. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढून भाव तसाही उतरतो. बंदी नसती तर काय झालं असतं, हे दाखवणारा जोडीदार लागतो. जोडीदार कसा असावा याचं चांगलं उदाहरण अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचं आहे. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात १ एप्रिल १९९२ला किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. त्यांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकानं वाढीच्या आधी आणि नंतर तपासली. दर दुकानामागे कामगार (अर्धवेळचा अर्धा धरून) न्यू जर्सीत २०.४४वरून २१.०३ झाले, पेनसिल्व्हेनियात २३.३३वरून २१.१७. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांतला फरक सुमारे पावणेतीन. वेतन वाढलं की नोकऱ्या जाणारच, या समजाला या एका वजाबाकीने धक्का दिला. पुढे वेतनपटांचे आकडे घेऊन इतरांनी त्यावर वाद घातला, तोही वाचण्यासारखा आहे. कार्ड यांना २०२१चं नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते.

कांद्याच्या बाबतीत मात्र असा शेजारी सापडणं कठीण आहे. बंदी सगळ्या देशाला लागू होती, त्यामुळे लासलगावची तुलना सोलापूरशी करून काही मिळत नाही, दोघांनाही तीच झळ. बटाटा जोडीदार म्हणून घेता येईल, पण त्याचा हंगाम वेगळा. मला त्यातल्या त्यात योग्य वाटतं ते हे: आधीच्या चार-पाच वर्षांत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटापर्यंत लाल कांद्याचा भाव किती टक्के उतरायचा ते काढा आणि २०२३ची घसरण त्याच्या शेजारी ठेवा. मोजक्या वर्षांवरून ठाम आकडा निघणार नाही. हे प्रबंधासाठी असेल तर त्यात तसं स्पष्ट लिहा. परीक्षकाला त्यात कमीपणा वाटणार नाही.

शिकण्याच्या क्रमाबद्दल: सरासरी, विचरण (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) आणि नमुन्याचं संख्याशास्त्र पक्कं करा, मग एका चलाचं रिग्रेशन हाताने सोडवा, दहा ओळींवर का होईना. मग अनेक चलं, मग वर दिलेल्या दोन युक्त्या, साधन चल आणि जोडीदाराशी तुलना. कालक्रमाच्या आकड्यांची खोल बाजू नंतर. एक्सेल आलेखापुरतं ठीक, पण पुढचं काम आर किंवा ग्रेटल या सॉफ्टवेअरमध्ये करा, दोन्ही फुकट आहेत. कोड लिहिला की काय केलं ते दुसऱ्याला तपासता येतं. अर्थतज्ज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१०च्या लेखात एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. एका विद्यार्थ्याने ते २०१३मध्ये शोधलं. ती चूक आणि सरासरी काढण्याच्या पद्धतीतले इतर दोष दुरुस्त केल्यावर जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के आली. तोवर तो लेख अनेक देशांच्या धोरणचर्चेत पोचला होता.

बाजारभावानंतर कुटुंबांच्या पाहण्यांकडे वळा. सांख्यिकी मंत्रालय या पाहण्यांची घरनिहाय माहिती विनामूल्य देतं. २०२२-२३च्या उपभोग खर्च पाहणीत २ लाख ६१ हजार ७४६ कुटुंबं होती. त्यांत प्रत्येक कुटुंबाशेजारी एक गुणक दिलेला असतो, म्हणजे ते कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने बोलतंय तो आकडा. तो न लावता काढलेली सरासरी चुकीची असते आणि नवशिक्यांची ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. आणि एकाच घराकडे वर्षानुवर्षं जाऊन गोळा केलेली माहिती कशी दिसते ते पाहायचं असेल तर इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या गावांची पाहा. १९७५पासून सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडचं कानझरा आणि किनखेडा, अशा गावांत दर गावी ४० कुटुंबं घेऊन ती नोंदवली गेली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४मध्ये तीच वापरून दाखवलं की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च तितका बुडत नाही, तो गावाच्या सरासरीबरोबर हलतो. उसनवारी, नातेवाईक, गावातली देवघेव हे सगळं त्या आकड्यांत उमटलेलं आहे. जगभरच्या विद्यापीठांत शिरापूरचं नाव अशा अभ्यासांतून पोचलंय.

सध्या मात्र एवढंच करा: लाल आणि उन्हाळ वेगळे काढा, बंदचे दिवस रिकामे ठेवा, लॉग घ्या, महिन्यांचे आणि वर्षांचे चल घालून पुन्हा चालवा. मग अमावस्येनंतरच्या पहिल्या दिवसांचे ठिपके वेगळ्या रंगात दाखवून आलेख इथे टाका. त्या ठिपक्यांचा उतार बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो का, ते पाहून पुढचं बोलू.