वाचक विचारतात : भिंत कमी, काच जास्त

प्रश्न : ताई, मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तिथं डर्बीशायरमधला हार्डविक हॉल पाहिला. एवढ्या मोठ्या खिडक्या काहून ठेवल्या असतील जी? आपल्या नागपुरात कोणी असं घर बांधलं तर मे महिन्यात आत पापड भाजून निघतील! (धरमपेठ)

उत्तर : भाऊ, पापडाचं खरं आहे, पण तिकडे ऊन म्हणजे पाहुणा, आला तर त्याला आत घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे शायनिंग. हे घर 1590 ते 1597 च्या दरम्यान बांधलं, तेव्हा काच भयंकर महाग होती, त्यामुळे जितकी काच तितका पैसा असा सरळ हिशोब, आणि मालकीणबाई बेस ऑफ हार्डविक, चार लग्नं झालेली, एलिझाबेथ राणीच्या खालोखाल श्रीमंत बाई असं म्हणायचे. मनोऱ्यांच्या डोक्यावर तिनं स्वतःच्या नावाची ई एस (एलिझाबेथ श्रूसबरी, बेस हे एलिझाबेथचंच लाडकं रूप) अक्षरं दगडात कोरून घेतली, लांबून दिसावी म्हणून. आपल्याकडे गेटवर पाटी लावतात, हिनं थेट आकाशात लावली बाप्पा!

मला आवडतं ते या घराचा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसन याचं डोकं. वर जाल तशी खिडकी उंच होत जाते, कारण खाली नोकरचाकर, मधे घरचे लोक, आणि सगळ्यात वर दरबारी दालनं. एवढी काच लावायची म्हणून धुराडी बाहेरच्या भिंतीतून काढून आतल्या भिंतींत नेली. काही खिडक्या तर नुसत्या दाखवायच्या आहेत, मागं भिंतच.

थंडीत मात्र आत कुडकुडत असतील बिचारे.