रबाळेत कार कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरकडे लागलास ना, मग हे वाच
अरे, कार कंपनीत एकच साहेब नसतो. परचेसवाला भाव ठरवतो, क्वालिटीवाला पार्ट पास करतो, लाइनवाल्याला फक्त माल वेळेवर पाहिजे, आणि तिघांचे बॉस वेगळे. टोयोटा सांगते की एका गाडीत अगदी स्क्रूसकट मोजले तर 30,000 च्या आसपास पार्ट असतात, त्यातले बरेचसे बाहेरून येतात, म्हणून तर आपल्यासारख्यांच्या मागे एवढे फोन. टोयोटाकडे साधा कामगारसुद्धा दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, मला हे फार आवडतं. आमच्या ब्रॅकेटचं होल अर्धा मिलीमीटर सरकलेलं तेव्हा मी परचेसला फोन लावत बसलो आणि तोवर गाडी माल घेऊन ठाणे-बेलापूर रोडला लागलीसुद्धा. तू आधी क्वालिटीवाल्याला सांग, लपवू नकोस, आणि पार्टच्या ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे कितवी सुधारलेली आवृत्ती चालू आहे ते, रोज सकाळी बघ.