नव्या बंदुकीवर हात बसेपर्यंत

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी २२ वर्षांची आहे. बी.कॉम. झालं आहे. एनसीसीत असताना तिला नेमबाजीची गोडी लागली आणि गेली तीन वर्षं ती ट्रॅप (हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी) खेळते. क्लबच्या जुन्या शॉटगनवर २५ पैकी १८-१९ पर्यंत जायची, दोनदा राज्य स्पर्धेतही खेळली. तिला परवाना मिळाल्यावर मी फंडातले पैसे काढून स्वतःची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची शॉटगन) घेऊन दिली. दोन महिने झाले, स्कोअर १३-१४ वर आला आहे. परवा रेंजवरून आली ती कुणाशी न बोलता खोलीत गेली. रात्री म्हणाली, ‘बाबा, बंदूक विकून टाका, मी बँकेच्या परीक्षा देते.’ तिला अजून खेळू द्यावं की वेळीच दुसरीकडे वळवावं? – एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. करिअरच्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण आधी बंदुकीचं बोलू, कारण तुमच्या लेकीचा निर्णय सध्या त्या बंदुकीने अडवला आहे. नवी बंदूक हातात आल्यावर पहिले दोन-तीन महिने स्कोअर पडणं ही ट्रॅपमधली नेहमीची गोष्ट आहे. त्या काळात घेतलेला खेळ सोडायचा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा निघतो. मी स्वतः अकरा वर्षं क्लबच्या पातळीवर ट्रॅप खेळले आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

ट्रॅपमध्ये खेळाडूच्या पुढे १५ मीटरवर खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रं. खेळाडूने आवाज दिला की त्याच्या समोरच्या तीन यंत्रांपैकी एकातून क्ले सुटतो. कुठल्या, ते आधी कळत नाही. क्ले म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, बशीएवढी चकती. ती ७६ मीटर लांब जाईल अशा वेगाने फेकलेली असते. चांगला खेळाडू तिला साधारण ३५ मीटरच्या आत गाठतो आणि त्यासाठी त्याला सेकंदभरही मिळत नाही. एवढ्या वेळात रायफलसारखा नेम धरता येत नाही. नजर क्लेवर असते आणि बंदूक नजरेच्या मागून जाते. म्हणूनच शॉटगनला मागचं निशाण नसतं. मागचं निशाण म्हणजे खेळाडूचा डोळा. तो डोळा कुठे राहील हे ठरतं गाल दस्त्यावर कुठे टेकतो त्यावरून.

आता हिशेब करा. डोळ्यापासून नळीचं टोक साधारण एक मीटरवर असतं. गाल तीन मिलिमीटर वर किंवा खाली टेकला, तर ३५ मीटरवर छर्‍यांचा मध्य दहा सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. जवळजवळ क्लेच्या रुंदीएवढा! तुमच्या लेकीच्या गालाने, खांद्याने आणि मानेने तीन वर्षं क्लबच्या बंदुकीचा दस्ता पाठ केला आहे. नव्या दस्त्याची लांबी, उंची, तिरकसपणा, सगळंच थोडं थोडं वेगळं असणार. म्हणजे ती आजही बरोबरच करते आहे, पण जुन्या बंदुकीसाठी बरोबर ते करते आहे.

त्यात एक गोष्ट मुलींच्या बाबतीत फार दुर्लक्षित राहते, आणि त्याबद्दल मला खरंच तळमळ आहे. बाजारातल्या बहुतेक शॉटगनचा दस्ता सरासरी पुरुषाच्या मापाने बनवलेला असतो. मुलींचे हात तुलनेने आखूड असतात, मान लांब असते, छातीची ठेवण वेगळी असते. त्यामुळे दस्ता लांब पडतो, गालाखाली कमी पडतो आणि त्याचं खालचं टोक छातीत रुतत राहतं. माझी पहिली स्वतःची बंदूक आली तेव्हा मीही तिच्याच वयाची होते. प्रत्येक सरावानंतर माझ्या दंडावर, खांद्याच्या खोबणीत नव्हे, निळा डाग उठायचा. तीन महिने मी समजत होते की माझ्यात धीर कमी आहे. मग एका वयस्क प्रशिक्षकांनी मला रिकामी बंदूक घेऊन उभं केलं आणि म्हणाले, ‘डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, आता डोळे उघड. काय दिसतंय?’ मला नळीवरची लांब पट्टी दिसतच नव्हती, फक्त बंदुकीच्या मागच्या भागाचं लोखंड दिसत होतं. त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी मागवली, वहीच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापल्या आणि दस्त्यावर, बरोबर गालाखाली, चिकटवल्या. पुन्हा डोळे मिटून बंदूक लावली. उघडले तर नळीवरच्या पट्टीचे दोन्ही मणी (निशाणाचे बारीक ठिपके) एकावर एक, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे उभे. त्या दिवशी मला रडू आलं होतं, इतकं ते साधं होतं.

तेव्हा सगळ्यात आधी तिच्या प्रशिक्षकांकडून हीच तपासणी करून घ्या. दस्ता लांब असेल तर कापून घेता येतो, मागचं रबर बदलता येतं. गालाचा भाग वर-खाली करता येणारा असेल तर उत्तमच. मात्र कापायची घाई करू नका. आधी पुठ्ठा आणि चिकटपट्टीवर महिनाभर खेळून बघू द्या.

दुसरी तपासणी बोर्डाची. मोठ्या कागदावर मध्यभागी खूण करून ३० ते ३५ मीटरवरून, खेळताना लावते तशीच बंदूक लावून, त्याच खुणेवर प्रत्येक नळीची पाच-पाच काडतुसं मारायची. छर्‍यांचा घोळका खुणेच्या वर पडतो की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते बघायचं. ट्रॅपचा क्ले वर चढत जातो, म्हणून ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम थोड्या उंच मारणाऱ्या असतात. क्लबची बंदूक जास्त उंच मारणारी असेल आणि नवी सपाट, तर ती जुन्या सवयीने क्ले मण्याच्या वर तरंगत ठेवत असेल आणि प्रत्येक वेळी खालून मारत असेल. हे कळायला दहा काडतुसं लागतात. ते न कळल्यामुळे लोक खोकीच्या खोकी संपवतात.

तिसरी गोष्ट दचकण्याची. नव्या बंदुकीचा धक्का वेगळा लागतो, तो एकदा गालावर बसला की चाप ओढण्याआधीच अंग आक्रसायला लागतं. खेळाडूला हे स्वतःला कळत नाही. प्रशिक्षक रेंजवर, तिला न सांगता, मध्येच एक नकली काडतूस भरतात. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळीचं टोक तरीही खाली झुकलं, की निदान झालं. यात लाजण्यासारखं काही नाही. दस्ता नीट बसवला की हे बऱ्याच अंशी आपोआप जातं.

यानंतर सराव. पहिले तीन आठवडे २५ चा राउंड बंद. तिसऱ्या स्टेशनवरून (उभं राहायच्या पाच जागांपैकी मधल्या) फक्त सरळ जाणारा क्ले, एकच यंत्र लावून. सरळ क्ले दहातले नऊ फुटायला लागले की मग थोडा कोन, मग पूर्ण कोन. फुटलेला क्ले बघण्याचा आनंद तिला परत मिळू दे, आत्मविश्वास तिथूनच येतो. चुकलेल्या प्रत्येक क्लेपुढे वहीत एकच ओळ लिहायची : चाप ओढताना मला काय दिसलं. क्ले दिसला, मणी दिसला, की काहीच आठवत नाही? दोन आठवड्यांनी ती पानं प्रशिक्षकांना दाखवायची.

आणि घरी रोज वीस-पंचवीस वेळा रिकामी बंदूक खांद्याला लावायची. ट्रॅपमध्ये आवाज देण्याआधी बंदूक खांद्याला लावून ठेवता येते, म्हणून काहींना हा सराव स्कीटवाल्यांचाच वाटतो (स्कीट हा क्लेचाच दुसरा प्रकार, त्यात क्ले दिसेपर्यंत बंदूक खाली धरावी लागते). तसं नाही. साडेतीन-चार किलोची बंदूक पंचविसाव्या क्लेलाही पहिल्यासारखीच गालाला लागली पाहिजे. आरशासमोर उभं राहून सावकाश लावायची. डोकं दस्त्याकडे झुकवायचं नाही, दस्ता गालाकडे आणायचा. यात काडतुसाचा खर्च नाही. पण शिस्त कडक हवी : त्या खोलीत एकही काडतूस नको, बंदूक उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुरुवात नको, खोलीत दुसरं माणूस नको. सराव संपला की बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. परवाना तिच्या नावावर आहे, त्यामुळे पाहुण्यांना ‘बघा तरी हातात घेऊन’ असं कुणी म्हणता कामा नये, अगदी तुम्हीसुद्धा.

दादा, एक गोष्ट तुमच्यासाठी. फंडातून पैसे काढल्याचं तुम्ही पत्रात लिहिलंत, ते घरातही बोललं जात असणार. तुमचा हेतू चांगलाच असेल. पण ती बंदूक उचलते तेव्हा तिला ते पैसेही उचलावे लागतात. पुढचे चार महिने घरात बंदुकीची किंमत आणि दिवसाचा स्कोअर हे दोन विषय बंद ठेवाल का? ती दारातून आली की ‘किती पडले?’ याऐवजी ‘जेवलीस का?’ विचारा.

आता करिअर. ती २२ वर्षांची आहे, म्हणजे ज्युनियर गट संपला. राज्य स्पर्धा, त्यानंतर जी. व्ही. मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा आणि तिथून निवड चाचण्या, असा हा रस्ता आहे. (नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन करणारे ते हेच आपले दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे.) ही चढण लांब आहे. पण साध्या घरातल्या मुली ती चढल्या आहेत. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये महिला ट्रॅपचं सांघिक रौप्य मिळालं, त्या संघातली मनीषा कीर भोपाळच्या मच्छीमार कुटुंबातली, तर प्रीती रजक सैन्यदलातली.

नोकरीचं स्पष्ट बोलते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते. पण त्यासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. नुसतं राज्य स्पर्धेत खेळल्यावर ते दार उघडत नाही. आज तिच्या हातात तेवढी कामगिरी नाही. म्हणून बँकेच्या परीक्षेची तयारी तिने आजच सुरू करावी, खेळ न सोडता. सकाळचे दोन तास अभ्यास, आठवड्यातून तीन दिवस रेंज, बाकी दिवस आरशासमोरचा सराव. हे दोन्ही एकत्र जमतं. शिवाय स्कोअरवरच सगळं पोट अवलंबून नाही म्हटल्यावर हातही मोकळा होतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या खेळाडू मुलांमध्ये वारंवार बघते.

निर्णयाची तारीख मात्र आत्ताच ठरवा : पुढची राज्य स्पर्धा संपली की त्यानंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी तिघांनी बसायचं, ती, तुम्ही आणि प्रशिक्षक. शेवटच्या दहा राउंडची सरासरी जुन्या सरासरीच्या पुढे गेली आहे का ते बघायचं. दुसरं, तिला रेंजवर जायची ओढ अजून आहे का, हे तिलाच विचारायचं आणि ती जे सांगेल ते मानायचं. ओढ संपली असेल तर बंदूक रीतसर परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला देता येते, त्याची प्रक्रिया जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत कळेल. तसं झालं तरी तिची ही तीन वर्षं वाया गेली असं कुणी तिला म्हणू नये.

तोवर विकण्याचा विषय नको. या रविवारी ती रेंजवर जाईल तेव्हा पिशवीत चिकटपट्टी, पुठ्ठा आणि कात्री ठेवा. बोर्डाचा कागद परत आला की त्याचा फोटो आणि वहीची पहिली दोन पानं मला पाठवा.